आठ ड्रमांचा तराफा

धरणातून नदीला पाणी सुटणार अशी कुणकुण लागली की माझा फोन तापायला लागतो. चैत्र अर्धाअधिक सरलेला असतो. घोड नदीचे डोह आकसून काठापासून लांब गेलेले असतात, मधल्या गाळाला भेगा पडलेल्या असतात, आणि सगळ्या काठाला एकच घोर लागलेला असतो. मोटार खाली ठेवली तर येणारं पाणी तिला गिळणार. वर चढवून ठेवली तर पाणी उतरल्यावर तिचा पाइप नुसती हवा ओढत बसणार. म्हणून मोटार तराफ्यावर बसवायची. पाणी चढलं की ती चढते, उतरलं की उतरते. तराफा म्हणजे बांबूंची चौकट आणि तिच्याखाली आडवे बांधलेले प्लास्टिकचे निळे ड्रम. ते ड्रम माझ्याकडे मिळतात. 'शेठ, ड्रम हायेत का?' या एका वाक्याने माझा उन्हाळा सुरू होतो. गेली सहा वर्षं हे वाक्य ऐकलं की उत्तर द्यायच्या आधी मी फोन या कानाचा त्या कानाला नेतो.

रांजणगावच्या कारखान्यांत रिकामे झालेले ड्रम मी उचलतो. कशात साबणाचं द्रावण असतं, कशात डिंक, कशात तेल. शिरूरच्या बाहेर रस्त्याला लागून माझी वखार आहे. सकाळी ड्रम धुऊन उपडे घातले की दुपारपर्यंत सगळ्या आवारात एक गोडसर, उग्र वास उभा राहतो. मला तो आवडतो. या धंद्यात आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल होती आणि तिच्या कॅरियरला एकदम दोन ड्रम बांधायची युक्ती. आज दोन टेम्पो आहेत. हे मी कुणाच्या मेहेरबानीवर केलेलं नाही, आणि हे वाक्य मी फार वेळा बोलतो असं माझी बायको म्हणते. लोक मला शेठ म्हणतात. पण म्हणताना कुणाच्या ओठाच्या कोपऱ्यात काय असतं ते मला दिसतं. तोंडावर शेठ, पाठ फिरली की भंगारवाला. मला राग लवकर येतो हे खरं; पण तो उगाच येत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

ड्रम विकणारा माणूस नेमकं काय विकतो? वितळवायला नेणारा माझ्याकडून प्लास्टिक नेतो, ते किलोवर जातं. पण तराफ्यासाठी ड्रम मागणारा शेतकरी पोकळी विकत नेतो. आत काहीही नसण्याची तो किंमत देतो. हे मला सुचलेलं नाही. हे मला किसनमामांनी दाखवलं, तेही तांब्याने.

किसनमामा नदीत मासे धरायचे. नात्याने ते माझे कुणी नव्हते, सगळा काठच त्यांना मामा म्हणायचा. अंगाने वाळक्या फांदीसारखे, पण हाताची बोटं जाड, दोराने घासून गुळगुळीत झालेली. तराफा बांधायचा तो त्यांनीच; त्यांच्या गाठीशिवाय कुणी मोटार पाण्यावर लोटत नसे. इनामगावच्या खालच्या अंगाला आप्पांचं शेत आहे, शेवंती आणि झेंडूचं. त्या शेताच्या बांधावर, करंजाच्या सावलीत एकदा मी विचारलं होतं की मामा, एवढी जड मोटार धरून ठेवतं कोण? ड्रम का बांबू?

त्यांनी शेजारचा तांब्या उचलला, पाण्यापर्यंत गेले, तो अलगद पाण्यावर ठेवला आणि माझा हात धरून त्याच्यावर दाबला.

"लागतंय का काय हाताला?"

"वर ढकलतंय."

"कोण?"

"तांब्या."

"तांब्या कशाला ढकलंल? पाणी ढकलतंय. तुम्ही त्याच्या जाग्यावर बसलाय, ते म्हणतंय ऊठ. जेवढं पाणी तुम्ही बाजूला सारलं, तेवढ्या वजनाला ते खालून खांदा देतं. त्याच्या वर एक गुंजभर न्हाई."

मी आणखी दाबला. तांब्याचा काठ पाण्याला टेकला, एक बारीक धार आत गेली, आणि क्षणात माझ्या हाताखाली काहीच उरलं नाही. तांब्या गाळावर जाऊन बसला होता.

"आता सांगा शेठ," मामा म्हणाले, "तांब्या जड झाला का? पितळ तेवढंच हाय. आतली जागा गेली, बास."

मी पाण्यात उतरेना, म्हणून त्यांनीच तो काढला. मला पोहता येत नाही. हे मी कुणाला सांगत नसे, पण मामांनी ओळखलं होतं. पुढे एकदा काठावर पंधरावीस माणसं जमलेली असताना ते सहज बोलून गेले, "आमच्या शेठला पवता येत न्हाई, आन् दुकान मांडलंय तरंगायचं." माणसं हसली. आप्पा तर डोळे पुसून हसले. मामाही हसत म्हणाले, "या उन्हाळ्यात शिकवतो तुम्हाला. वाळका भोपळा बांधू कमरेला, न्हाईतर तुमचाच ड्रम बांधू." मीही हसलो. घरी जाईपर्यंत हसू टिकलं नाही. एवढ्याशा थट्टेचं काय ते, असं आज वाटतं. पण मी ते वाक्य घरी नेलं, जपून ठेवलं आणि रोज काढून बघत राहिलो.

आप्पा आणि मामा एका वयाचे, नदीत बरोबर डुंबत वाढलेले. तरुणपणी मामा फार प्यायचे. दारू कशी सुटली ही गोष्ट काठावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येक जण ती स्वतः बघितल्यासारखी सांगतो. आप्पांनी मामांना तराफ्यावर बसवून डोहाच्या मधोमध नेलं. म्हणाले, "किसन्या, एक तर बाटली नदीत टाक, न्हाई तर मला टाक." मामांनी बाटली टाकली. ती बुडेना. बूच लावलेलं होतं, ती मजेत तरंगत त्यांच्याभोवतीच फिरायला लागली. दोघं हसून हसून तराफ्यावर आडवे झाले. मग मामांनी हात लांब करून बाटली धरली, बूच उपसलं आणि शेवटचा बुडबुडा येईपर्यंत ती पाण्याखाली दाबून धरली. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. वीस वर्षं झाली असतील, जास्तच.

ही गोष्ट मला ठाऊक होती. ती मला ठाऊक होती हे लक्षात ठेवा.

सहा वर्षांपूर्वी आप्पांना नवा तराफा करायचा होता. आप्पांशी घासाघीस करणं हा माझा आनंद होता. दोघंही कडक, दोघंही दोनदा उठून जाणारे. मामा म्हणाले, आठ ड्रम लागतील. माझ्याकडे चांगले सहाच होते आणि गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. मी काडीने मातीत आकडेमोड केली: मोटार एवढी, पाण्याने भरलेला पाइप एवढा, बांबू, वर चढणारी दोन माणसं. सहा ड्रम याच्या दुप्पट भार उचलतात. "आप्पा, आठ कशाला? सहात निम्मी ताकद शिल्लक राहतेय." आकडा बरोबर होता. आजही बरोबरच आहे.

मामांनी मातीतल्या आकड्यांकडे बघितलंही नाही. ड्रमच्या सपाट तोंडाला समोरासमोर दोन बुचं असतात. ड्रम आडवा करून ती एका पातळीत ठेवली की दोन्ही बरोबर मधोमध येतात. मामांनी एका बुचावर बोट ठेवलं. "सहावर निम्मा ड्रम पाण्यात जातोय शेठ. म्हंजी पाणी हितं. मोटार चालू झाली की हादरणार, बुचावरनं पाणी खेळणार. आठ घाला, पाणी बुचाच्या खाली राहतंय. ड्रम उचलतोय किती ते बघू नका. त्याचं नाक कुठंय ते बघा."

"रबराचं वायसर आहे ना बुचाला," मी म्हणालो.

"घातलं का सगळ्यांना?"

"घातलं की."

घातलं नव्हतं. जुनी वायसरं द्रावणाने कुजली होती, ती मी काढून टाकली होती. नव्यांचा पुडा वखारीत पडून होता. सहा ड्रमांना बारा वायसरं. बसवायला अर्धा तास लागला असता आणि टेम्पो निघायची घाई होती. भर दुपारी, हात भाजत असताना, मी बुचं नुसती आवळली आणि ड्रम चढवले.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला नंतर कळली. दुपारी ड्रममधली हवा तापून फुगलेली असते. तेव्हा बूच लावलं की ती तेवढीच आत कोंडली जाते. संध्याकाळी नदीवरून गार वारा सुटतो, ड्रम निवतो, आतली हवा आकसते, आणि कुठे फट असेल तर तिथून बाहेरचं ओढून घेते. बाहेर पाणी असेल तर पाणी. दुपारी पुन्हा तापला की थोडी हवा निसटते, सांजेला पुन्हा पाणी. एका दिवसाचं ओंजळभरसुद्धा नाही. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. तराफा तरंगतोय, मोटार चालतेय, शेवंतीला पाणी मिळतंय.

बाराव्या दिवशी सकाळी आप्पांचा मुलगा सुरेश काठावर गेला तेव्हा बांबूचं एक टोक तेवढं पाण्याबाहेर होतं.

निरोप मिळाला तसा मी पोचलो. ट्रॅक्टरला दोर लावून तराफा ओढून काढला. चिखलाने माखलेला, एका अंगावर कललेला. मामांच्या गाठी तशाच होत्या. भिजून इतक्या घट्ट झालेल्या की कोयत्याने तोडाव्या लागल्या. ड्रम सुटे झाले तसा मी पुढे धावलो आणि एकेक बूच स्वतःच्या हाताने उघडून पाणी ओतायला लागलो. लोकांना वाटलं शेठ मदत करतोय. उघडलेलं बूच मी मुठीत झाकत होतो, आतली वायसरची रिकामी खोबण कुणाला दिसू नये म्हणून.

आप्पा चिखलातल्या मोटारीपाशी उभे होते. मोटार गेली होती आणि ऐन फुलांत बाग चारपाच दिवस तहानेली राहणार होती. ते एवढंच म्हणाले, "असं कसं झालं रं किसन्या?"

मामा तोंड उघडणार होते. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं. आठ. नाक. वायसर. पंधरावीस माणसं होती, तीच, हसलेली. मी म्हणालो, "त्यांना काय विचारताय आप्पा? एक बूच वर, एक पाण्याखाली असे ड्रम बांधले. बांधायच्या दिवशी तोंडाला वास येत होता त्यांच्या. म्हातारा माणूस म्हणून मी बोललो नाही."

ठरवून आलो नव्हतो. पण रागात सुटलेलं होतं असंही म्हणणार नाही. समोरच्याचं दुखतं कुठे ते बघून तिथेच बोट ठेवायचं, हे मी आयुष्यभर भाव करताना केलं आहे. या वेळीही बोट नेमकं पडलं.

मामा माझ्याकडे वळले नाहीत. ते आप्पांच्या अगदी जवळ गेले आणि तोंड वर केलं. "आप्पा, वास घे." आप्पा मागे सरकले नाहीत, पण त्यांनी मान बाजूला केली. तेवढंच झालं. बारा दिवसांपूर्वीचा वास आज कुणाला येणार? मामांनी खाली पडलेले दोराचे तुकडे गोळा केले, कोपरावर गुंडाळले आणि काठाकाठाने चालायला लागले.

त्या उन्हाळ्यानंतर आप्पांनी मामांना तराफा बांधायला बोलावलं नाही. आप्पांनी बोलावलं नाही म्हणून बाकीच्यांनीही नाही. वर्षभरात मामा दौंडला लेकीकडे राहायला गेले.

माझी त्यांच्यावर एक तक्रार होती, ती सांगून टाकतो. त्यांनी भांडायला हवं होतं. मला शिवी द्यायची, गचांडी धरायची, एखादं बूच माझ्या मुठीतून ओढून सगळ्यांना दाखवायचं. भांडणात मी कुणाला हार जात नाही, आणि भांडून मिटलेलं मला पचतं. त्यांनी मला तेही मिळू दिलं नाही. चार वर्षं मी ही तक्रार उराशी धरून हिंडलो. बायकोला सांगितली तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी गुन्हा तुमचा आन् भांडायचं त्यांनी?"

इनामगावच्या त्या बाजूला नांगर लागला की अजून जुनी खापरं वर येतात. हजारो वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती, मडकी घडवत होती. बांधावर बसल्या बसल्या मी एखादं खापर हातात घेतो. यांच्यातल्याही कुणी उपडी घागर पोटाशी धरून हा डोह ओलांडला असेल. घागरीचं तोंड बोटभर तिरकं झालं की काय होतं हे त्यालाही ठाऊक असेल. नदीने तेव्हापासून आपला कायदा बदललेला नाही, आणि तो कुणासाठी कमीजास्त करून द्यायची तिची तयारी नाही. तिच्याशी घासाघीस होत नाही. मला तिच्याजवळ अवघडल्यासारखं होतं ते बहुधा यामुळेच.

दोन वर्षांपूर्वी, असंच पाणी सुटायच्या सुमारास, मी दौंडला गेलो. मामांचा जावई रेल्वेत आहे. घरामागे गाड्यांच्या शिट्ट्या चालू होत्या. मामा गच्चीवर टाकीपाशी बसले होते आणि मांडीवर टाकीचा तरंगता गोळा होता, पाणी भरलं की नळ बंद करतो तो.

"शेठ? हितं कुठं? ड्रम इकायला आलात व्हय?"

मी बसलो. त्यांनी गोळा माझ्या कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं. "चीर गेलीय. पोटात पाणी घेऊन बसलंय, वर येईना. टाकी रोज भरून वाहती. जावई म्हणतोय नळ खराब हाय."

"मामा," मी म्हणालो, "त्या वेळी माझं चुकलं. वायसर घातलं नव्हतं. वासाचंही खोटं होतं."

ते गोळ्यावरची चीर अंगठ्याने चाचपत राहिले. "कुठं बोलला व्हता ते?"

"काठावर."

"कोण कोण व्हतं?"

"बरेच जण होते."

"मग हितं काय करताय?" ते शांतपणे म्हणाले. "दौंडात मला कोन काय म्हणत न्हाई. हितं मी चांगला माणूसच हाय. तिकडं जाऊन बोला."

आणि मी, माफी मागायला गेलेला माणूस, तिथेही भाव करायला लागलो. म्हणालो, आप्पांना एकट्याला सांगतो. न्हाई, म्हणाले. आत्ता फोन लावून देतो, तुमच्यासमोर सांगतो. न्हाई. "जिथं सांडलं तिथनंच उचला." मला राग आला. जिन्यात उतरताना मी मोठ्याने म्हणालो, एवढं वय झालं तरी ताठा गेला नाही. त्यांना ऐकू गेलं असणार.

तो उन्हाळा गेला. काठावर तेव्हा गर्दी नव्हती. पुढचा गेला, तेव्हा गर्दी फार होती. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. रोज सांजेला थोडं थोडं आत येत होतं आणि वरून मी तरंगत होतो. या पौषात आप्पा गेले. दहाव्याला मामा दौंडहून आले होते. सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परत गेले. मी गर्दीत होतो. त्यांच्याकडे गेलो नाही.

चैत्रात सुरेशचा फोन आला. शेठ, ड्रम हायेत का?

आठ ड्रम मी स्वतः धुतले. सोळा वायसरं बसवली. पहाटेच्या गारव्यात बुचं आवळली. गारव्यात लावलं की दिवसा हवा फुगून बाहेर रेटते, आत काही ओढत नाही. टेम्पो घेऊन काठावर गेलो तेव्हा तराफा लोटायला दहाबारा माणसं जमली होती. मी टेम्पोतून उतरलो आणि ड्रम उतरवायच्या आधी बोललो. सहा वर्षं तोंडात धरलेलं बोलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सहा ड्रम, वायसर, वास, सगळं.

कुणी दचकलं नाही. एकाने तळहातावर मळलेल्या तंबाखूला थाप मारली. सुरेश म्हणाला, "माहीत हाय शेठ. तवाच माहीत व्हतं. तुम्ही बुचं मुठीत धरत व्हता, आम्ही काय आंधळे हाय?"

"मग बोलला का नाही कुणी?"

"ड्रम तुमच्याकडंच मिळत्यात."

मला वाटलं एवढंच आहे. पण तो ड्रमला हात लावता लावता पुढे म्हणाला, "आप्पांना मी सांगितलं व्हतं. दोनदा सांगितलं. त्यांना पटलं न्हाई. म्हणायचे, शेठ भावात कडक हाय, पर माणसावर आळ घालणारा न्हाई. किसन्याच प्याला असंल."

माझ्या कडकपणाला दाद देणारा माणूस मी आयुष्यभर शोधला. तो मला मिळाला होता, आणि त्याने माझ्या शब्दावर आपला मित्र सोडला होता.

बांधून झाल्यावर मी बाजूला जाऊन मामांना फोन लावला. सांगितलं, बोललो, काठावरच, सगळ्यांसमोर.

"कोण कोण व्हतं?"

मी नावं सांगितली. एकेक. ते प्रत्येक नावाला "व्हय" म्हणत गेले. नावं संपली. मागे कुठली तरी गाडी निघाल्याची शिट्टी ऐकू आली.

"आन् आप्पा?" ते म्हणाले.

  मग त्यांनीच विचारलं, "किती ड्रम घातले?"

"आठ."

"वायसर?"

"घातली. सगळ्यांना."

"बुचं कवा आवळली?"

"पहाटं. गार असताना."

"तसंच आवळायचं असतं," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तराफा पाण्यावर लोटला. बुचं पाण्याच्या चांगली चार बोटं वर राहिली. माणसं जेवायला गेली. बंद ड्रम तापायला लागला की त्याचं सपाट तोंड एका क्षणी बाहेर फुगतं आणि ठप्प असा आवाज होतो. फट असेल तर तो होत नाही. ऊन चढलं तसा पहिला वाजला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मी पाण्याच्या कडेला, घोट्यापर्यंत गाळात, मोजत उभा राहिलो. आठवा वाजेपर्यंत हललो नाही.